रक्ताची साक्ष

पूर्वीं माणसाच्या दुखण्याला तीन साक्षीदार असत. एक स्वतः रोगी, दुसरा नाडी पाहणारा वैद्य आणि तिसरे घरचे लोक, ज्यांना रोग्याच्या कण्हण्यानें रात्रीं झोंप लागत नसे. या तिघांच्या जबानींत मेळ असला तर दुखणें खरें, नसला तर संशयास्पद, असा आमच्या वाडवडिलांचा सरळ न्याय होता. अलीकडे चौथा साक्षीदार पुढें आला आहे, आणि तो उभा राहतांच पहिल्या तिघांनीं आपापल्या जागा सोडून दिल्या आहेत. हा साक्षीदार म्हणजे प्रयोगशाळेंतून छापून येणारा कागद. डाव्या बाजूस पदार्थांचीं नांवें, मध्यें आंकडे आणि उजवीकडे 'योग्य मर्यादा' असे त्यावर तीन रकाने असतात. आंकडा मर्यादेबाहेर गेला तर त्यापुढें तारा काढलेला असतो. सुशिक्षित कुटुंबांत आजकाल रोग्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याच्या आधीं हे तारे शोधले जातात.

या साक्षीदाराची ओळख आमच्या घराला गेल्या दोन वर्षांत फार जवळून झाली. माझी धाकटी बहीण आमच्यापाशींच पारोळ्यास राहते व तेथील एका प्राथमिक शाळेंत शिकविते. दोन वर्षांपूर्वीं आमच्या जुन्या घराच्या सागवानी चौकटींना वाळवी लागली. भिंतींच्या बुडाशीं औषध ओतविण्यांत आलें, आणि त्याच महिन्यांत दारांना तैलरंग दिला गेला. आम्हां इतरांचीं डोकीं चार दिवस जड झालीं व पांचव्या दिवशीं आम्ही तें विसरून गेलों. तिला मात्र विसरतां आलें नाहीं. प्रथम रंगाचा वास सोसेनासा झाला, मग फिनेलचा, मग उदबत्तीचा, मग नव्या वर्तमानपत्राच्या शाईचा. शेजारच्या मुलानें अंगावर अत्तर उडवून ओटीवर पाऊल टाकलें कीं हिचें डोकें भणाणून जाई, घसा दाटे, बोलतां बोलतां साधे शब्द आठवत नसत. मोकळ्या हवेंत तासभर बसली कीं पुन्हा ती पूर्वीची हंसरी आत्या होई. ताप नाहीं, खोकला नाहीं, अंगावर पुरळ नाहीं.

पारोळ्यासारख्या गांवीं वासापासून पळून जाण्यास जागा तरी कोठें आहे? गांव कापसाच्या मुलखांत वसलेलें. ज्येष्ठांत पेरणी झाली कीं आषाढापासून आश्विनापर्यंत पाठीवर पंप घेतलेलीं माणसें शेतांतून हिंडत असतात, आणि बोरी नदीकडून येणाऱ्या संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर औषधांचा कडवट दर्प गांवांत शिरतो. दिवाळीच्या सुमारास जिनिंगची धूळ सुरू होते. धुळें-जळगांव हमरस्त्यावर मालमोटारींचा धूर बारमाही आहेच. आमच्याकडे भांडीं घासण्यास येणारी बाई पावसाळ्यांत शेतमजुरीस जाते. बहिणीची हकीकत ऐकून ती अगदीं सहजपणें म्हणाली, "ताई, फवारणीना वास उना का मन्हं बी डोकं दुखस." तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती; पावसाळ्यांत चिखल होतो, तसेंच हेंहि, असा तिचा सूर होता. तिच्या डोक्याची चौकशी करणारा कागद मात्र कोणी कधीं मागविलेला नाहीं.

बहिणीच्या बाबतींत तो मागवावा लागला. शाळेचे वर्ग नव्या इमारतींत गेले, तेथील भिंतींचा तैलरंग ओला होता, आणि आपल्याला जुन्या इमारतींतील वर्ग मिळावा असा तिनें अर्ज केला. संबंधित कचेरीनें विचारलें, "पुरावा काय?" प्रश्न अयोग्य होता असें मी म्हणणार नाहीं. शेंकडों शिक्षकांचा कारभार पाहणाऱ्यानें प्रत्येकाच्या नाकावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करतां येत नाहीं. म्हणून एका मोठ्या शहरांतील प्रयोगशाळेंत तिच्या रक्ताची 'संपूर्ण प्रतिकारशक्ति-तपासणी' झाली. श्वेत पेशींचे प्रकार मोजले गेले, निरनिराळीं प्रतिपिंडें मोजलीं गेलीं, धूळ, परागकण, झुरळें, शेंगदाणे यांची ॲलर्जी पाहिली गेली. खर्च हजारोंच्या घरांत गेला. आठवड्यानें आलेल्या कागदावर दोन ठिकाणीं तारे होते, बाकी सर्व मर्यादेंत.

त्या रात्रीं आमच्या घराचें न्यायालय झालें. एका पक्षानें तारे दाखवून म्हटलें, "पहा, आहे कीं नाहीं?" दुसऱ्यानें बाकीचे आंकडे दाखवून म्हटलें, "कांहीं नाहीं, मनाचे खेळ आहेत." बहीण मधल्या खोलींत बसून हें सर्व ऐकत होती. थोड्या वेळानें ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "दादा, माझ्या डोक्याचें काय तें मला विचारा ना. कागदाला काय विचारतां?" कचेरीनें दुसऱ्या पक्षाचा निकाल उचलला; अहवाल प्रकृतिमानाप्रमाणें असल्यानें अर्जाचा विचार करतां येत नाहीं, असें उत्तर आलें.

माझा धंदा इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. वैद्यकाशीं माझा संबंध रोग्याच्या नातलगाइतकाच. परंतु साक्षीदार विश्वासार्ह आहे कीं नाहीं हें पाहण्यास वकीलच असावें लागतें असें नाहीं. मीं या विषयावरील लेख मिळवून वाचण्यास आरंभ केला, आणि जें हातीं लागलें तें माझ्यासारख्या इतर कुटुंबांच्या उपयोगीं पडेल या बुद्धीनें येथें मांडीत आहें.

चांगली साक्ष कशी असते तें प्रथम पाहूं. १९०६ सालीं व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या वैद्यानें 'ॲलर्जी' हा शब्द घडविला. १९२१ सालीं जर्मनींत प्राउस्निट्झ व क्युस्टनर या दोघांनीं एक प्रयोग केला, तो कादंबरींत शोभेल असा आहे. क्युस्टनरला मासे सोसत नसत. त्याच्या रक्तांतील द्रव प्राउस्निट्झनें स्वतःच्या कातडींत टोंचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं माशाचा अर्क टोंचला. मासे खुशाल खाणाऱ्या प्राउस्निट्झच्या कातडीवर तेवढ्याच जागीं गांध उठली. एकाच्या रक्तांतून दुसऱ्याच्या अंगांत दुखणें नेतां आलें, म्हणजे त्या रक्तांत कांहींतरी आहे हें सिद्ध झालें. तें 'कांहींतरी' कोणतें, हें इशिझाका या जपानी पतिपत्नींनीं १९६६ सालीं अमेरिकेंत शोधलें. त्यालाच आज 'आयजीई' प्रतिपिंड म्हणतात. रक्तांतील आयजीईची चांचणी शेंगदाण्याच्या किंवा परागकणांच्या ॲलर्जीबद्दल बोलूं शकते ती या पायावर. तसेंच टिकलीच्या डिंकानें कपाळावर चट्टा उठतो, त्याचा शोध घेण्यास पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनीं पाहतात. येथेंहि कार्यकारणाची सांखळी उघड आहे.

आतां बहिणीच्या दुखण्याकडे वळूं. शिकागोचे ॲलर्जीतज्ज्ञ थेरन रँडॉल्फ यांनीं १९५० च्या दशकांत अशा रोग्यांचीं वर्णनें प्रथम विस्तारानें केलीं. 'बहुविध रासायनिक संवेदनशीलता' या अर्थाचें इंग्रजी नांव १९८७ सालीं येल विद्यापीठाच्या मार्क कलन यांनीं रूढ केलें. एखाद्या ठळक रासायनिक प्रसंगानंतर आरंभ होणें, मग परस्परांशीं संबंध नसलेल्या अनेक द्रव्यांनीं, तींहि इतरांना बाधत नाहींत इतक्या अल्प प्रमाणांत, त्रास होणें, आणि शरीराच्या एकाहून अधिक संस्थांत लक्षणें दिसणें, अशी त्यांची व्याख्या होती. वाळवीचें औषध, तैलरंग, फिनेल, अत्तर, शाई. आमच्या घरची यादी या व्याख्येंत चपखल बसते. परंतु १९९६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या विद्यमानें बर्लिनमध्यें भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीनें हें नांव बदलण्याची सूचना केली. 'रासायनिक' म्हटलें कीं रसायन हेंच कारण, असें गृहीत धरल्यासारखें होतें. म्हणून 'अज्ञातकारण परिसर-असह्यता' म्हणावें, असें त्यांचें मत पडलें. वाद येथवर पोंचला होता कीं रोगाच्या नांवालाच पुरावा मागितला जात होता.

रक्तांत पुरावा सांपडेल अशी आशा रँडॉल्फच्या अनुयायांना होती. ॲलर्जीशीं या दुखण्याचें बाह्य साम्य असल्यानें तें साहजिकहि होतें. कोणी श्वेत पेशींच्या निरनिराळ्या जातींचें प्रमाण मोजलें, कोणी स्वतःच्याच पेशींविरुद्ध निर्माण होणारीं प्रतिपिंडें शोधलीं, कोणी फॉर्माल्डिहाइडसारख्या द्रव्यांविरुद्धचीं. १९९३ सालीं अमेरिकेंतील ग्रेगरी सायमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असे रोगी व तुलनेसाठीं घेतलेले इतर लोक यांचें रक्त व मन दोहोंचीहि परीक्षा केली. प्रतिकारशक्तीच्या चांचण्यांनीं हे रोगी कोण व तुलनेचे लोक कोण हें ओळखतां आलें नाहीं. १९९९ सालीं अमेरिकेंतील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेनेंहि, या विकाराच्या मुळाशीं प्रतिकारसंस्थेचा बिघाड असल्याचा आधार नाहीं, असें मत प्रसिद्ध केलें. तात्पर्य, आम्हीं ज्या साक्षीदारास गाडीभाडें देऊन बोलाविलें, त्याला या खटल्यांतील कांहींच ठाऊक नव्हतें.

मग ते दोन तारे? त्यांचें उत्तर गणितांत आहे. 'योग्य मर्यादा' ठरवितात ती बहुधा अशी कीं, निरोगी माणसांपैकीं शंभरांत ९५ त्या मर्यादेंत यावे. म्हणजे प्रत्येक चांचणींत शंभरांतील पांच निरोगी माणसांपुढें तारा लागणारच. परस्परांशीं संबंध नसलेल्या २० चांचण्या एका धडधाकट माणसावर केल्या, तर निदान एका ठिकाणीं तारा येण्याचा संभव शंभरांत ६४ पडतो; ४० केल्या तर ८७. चांचण्या जितक्या अधिक तितके तारे अधिक, आणि तितकें बिलहि अधिक. प्रयोगशाळेची खरी परीक्षा करावयाची तर एकाच माणसाचें रक्त दोन निराळ्या नांवांनीं पाठवून उत्तरें जुळतात कीं नाहीं तें पहावें. आमच्या मंडईंत दोन तराजूंवर वांगीं तोलून पाहणारे लोक रक्ताच्या बाबतींत हें करीत नाहींत.

या प्रकरणीं आपल्या मुंबईंतील एक काम मला फार उद्बोधक वाटलें. १९८४ च्या डिसेंबरांत, दोन व तीन तारखांच्या मधल्या रात्रीं, भोपाळला मिथिल आयसोसायनेट वायु सुटला व हजारों माणसें मेलीं. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे फुप्फुसतज्ज्ञ डॉ. कामत यांनीं वायुपीडितांची दीर्घकाळ तपासणी केली. त्यांच्या व मुंबईच्याच प्रतिकारशास्त्रज्ञ डॉ. सुधा गांगल यांच्या सहभागानें, अमेरिकेंतील मेरिल कॅरॉल यांजबरोबर, पीडितांच्या रक्तांत त्या वायूविरुद्ध प्रतिपिंडें आढळतात काय याचा शोध घेण्यांत आला, व तो १९८७ सालीं प्रसिद्ध झाला. वायूचा रेणु इतका लहान कीं एकट्याला प्रतिकारसंस्था ओळखत नाहीं. शरीरांतील प्रथिनास तो चिकटला म्हणजे ओळखते. तशीं प्रतिपिंडें खरोखर सांपडलीं. परंतु थोड्याच लोकांत, अल्प प्रमाणांत. फुप्फुसें मात्र किती जणांचीं गेलीं होतीं हें जगाला ठाऊक आहे. येथें विष निर्विवाद होतें, रोग निर्विवाद होता, तरीहि प्रतिकारसंस्थेच्या चांचणीनें बहुतेकांची साक्ष दिली नाहीं. रक्त मुकें राहिलें म्हणून भोपाळचा माणूस खोटें बोलतो असें कोण म्हणेल?

उलट जेथें योग्य प्रश्न विचारणारी चांचणी आहे, तेथें तिचें मोल फार आहे. कापसावर मारलीं जाणारीं फॉस्फरसयुक्त कीटकनाशकें कोलिनेस्टरेझ नांवाच्या विकरास निकामी करतात. ज्ञानतंतूंचा निरोप पोंचल्यावर तो पुसून टाकण्याचें काम या विकराचें. तो बंद पडला कीं निरोप पुसला जात नाहीं, लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. रक्तांतील हा विकर मोजतां येतो, आणि फवारणी करणाऱ्याचा हंगामापूर्वींचा आंकडा हातीं असेल तर विष किती भिनलें हें माणूस पडण्यापूर्वींच कळूं शकतें. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करणारे वीसांच्या आसपास लोक दगावले व शेंकडों रुग्णालयांत पडले. चाळीस गोष्टी मोजणाऱ्या शहरी तपासणीपेक्षां ही एक साधी चांचणी खानदेश-वऱ्हाडांतील खेड्यांत अधिक जीव वांचवील. पण ज्यांना तिची गरज त्यांच्या खिशांत पैसे नाहींत, आणि ज्यांच्या खिशांत पैसे त्यांना निराळ्याच चांचण्या विकल्या जातात.

तर मग बहिणीचें दुखणें राहतें कोठें? कदाचित् आम्ही चुकीच्या खात्यांत चौकशी करीत आहों. स्वयंपाकघरांत मिरचीची फोडणी पडली कीं साऱ्या घराला ठसका लागतो. ही ॲलर्जी नव्हे. येथें कोणतेंहि प्रतिपिंड नाहीं. नाकाघशांतील ज्ञानतंतूंच्या टोंकांवर मिरचीच्या तिखट द्रव्यास ओळखणारीं द्वारें आहेत. हें द्वार १९९७ सालीं डेव्हिड ज्युलियस यांनीं शोधलें व त्यांना २०२१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्याच नात्यांतलें दुसरें द्वार मोहरीच्या झणझणीनें उघडतें, आणि भोपाळच्या वायूच्या जातीचीं द्रव्येंहि तेंच उघडतात असें उंदरांवरील प्रयोगांत दिसलें आहे. स्वीडनमध्यें एवा मिल्क्विस्ट यांनीं १९९८ च्या सुमारास वासानें त्रस्त होणाऱ्या रोग्यांना मिरचीच्या द्रव्याचा अत्यल्प फवारा हुंगविला. इतरांपेक्षां फार कमी मात्रेंत त्यांना खोकला येऊं लागला. म्हणजे निदान कांहीं रोग्यांत, पहारेकरी आहेत ते ज्ञानतंतूंचे, आणि ते अधिक जागे झाले आहेत. रक्ताच्या नळींत ते दिसावे कसे?

परंतु जें आपल्या बाजूचें तेवढेंच सांगावें हें बरें नव्हे. अशा रोग्यांना कधीं रसायन, कधीं शुद्ध हवा, कोणतें कोणतें हें न सांगतां देऊन पाहण्याचे अनेक प्रयोग झाले आहेत. लंडनच्या कांहीं संशोधकांनीं २००६ सालीं अशा ३७ प्रयोगांचा आढावा घेतला. वास ओळखूं येई तेव्हां रोग्यांना त्रास होई. वास झांकला कीं बहुतेक प्रयोगांत खरें-खोटें त्यांना ओळखतां येत नसे. अपेक्षा व भीति यांचा वांटा मोठा असावा, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. कॅनडांतील क्वेबेक प्रांताच्या आरोग्यसंस्थेनें २०२१ सालीं या विकाराचा संबंध चिंतेच्या विकारांशीं जोडला, आणि त्यावर रोग्यांनीं व कांहीं वैद्यांनीं कडक हरकत घेतली. टीकाकार म्हणतात, वास झांकण्यासाठीं वापरलेलें पुदिन्यासारखें द्रव्यच ज्ञानतंतूंना चाळवितें, मग प्रयोग निर्दोष कसा? वाद मिटलेला नाहीं.

मीं हे निष्कर्ष बहिणीपासून लपविले नाहींत. तिनें शांतपणें ऐकून घेतलें व विचारलें, "भीतीनें डोकें दुखलें तर तें दुखत नाहीं काय?" मला उत्तर सुचलें नाहीं, आणि तें विचारण्यांत तिनें माझ्या वाचनाहून पुढचें कांहीं सांगितलें असें मला वाटतें. 'मनाचें आहे' हें वाक्य आमच्या घरांत 'खोटें आहे' याचें सभ्य रूप म्हणून वापरलें जातें. शोकानें अन्न कडू लागतें, परीक्षेच्या भीतीनें पोट बिघडतें, तेव्हां पोट खोटें बोलत नसतें. मन आणि ज्ञानतंतु यांची शीव कोठें आहे हें अजून शास्त्रालाहि आंखतां आलेलें नाहीं. तेथें आम्हीं ओटीवर बसून भिंत घालावी हें धाडस होय.

आमच्या घरीं झालें तें एवढेंच. रक्ताच्या तपासण्या थांबल्या. फिनेल गेलें, लादी साबणाच्या पाण्यानें पुसली जाऊं लागली. देवापुढें उदबत्तीच्या जागीं तुपाचें निरांजन आलें. माझ्या वृद्ध आईनें या बदलास सर्वांआधीं संमति दिली, "देवाला वासाची हौस नाहीं, माणसाला असते" असें म्हणून. बहीणहि घरांत कोंडून बसत नाहीं. सर्व कांहीं टाळीत गेलें कीं टाळावयाच्या गोष्टी वाढतच जातात, असें एका समजूतदार डॉक्टरांनीं तिला सांगितलें, व तें तिला पटलें. बालाजीच्या रथाच्या दिवशीं गर्दींत शिरली नाहीं, पण गच्चीवर उभी राहून तिनें दर्शन घेतलें. वर्गाचा प्रश्न मुख्याध्यापिकाबाईंनीं सोडविला. त्यांनीं अहवाल मागितला नाहीं. ओल्या रंगाच्या वर्गांत अर्धा तास शिकवितांना त्यांनीं तिला पाहिलें, आणि दुसऱ्या दिवशीं स्वतःच्या अधिकारांत दोन वर्गांची अदलाबदल केली. त्यांना दिसलें तें कोणत्याहि रकान्यांत छापलेलें नव्हतें.

कचेरींना पुरावा लागणारच, आणि प्रयोगशाळा उघड्याच राहणार. माझें म्हणणें त्यांच्याविरुद्ध नाहीं. चांचणी मागण्यापूर्वीं एवढें विचारावें कीं हिला कोणता प्रश्न विचारतां येतो, आणि आमचा प्रश्न तोच आहे काय. आहे असें कळलें तर तिचें उत्तर, आपल्या इच्छेविरुद्ध असलें तरी, मानावें. नसेल तर ते पैसे वांचवावे आणि रोग्याचें म्हणणें पुन्हा एकदां नीट ऐकावें. पुढच्या आषाढांत आमच्या भांडींवाल्या बाई पुन्हा फवारणीच्या शेतांत जातील. त्यांच्या रक्ताला विचारण्याजोगा प्रश्न शास्त्रापाशीं तयार आहे. विचारणारा मात्र अद्याप कोणी त्यांच्या दारीं गेलेला नाहीं.